अनुराधावर येतात, मुळावर जातात

गणपतीची तिथी ठरलेली असते, भाद्रपद शुद्ध चतुर्थी. गौरींचं तसं नाही. कधी त्या गणपतीनंतर दोन दिवसांनी येतात, कधी तीन, कधी चार, आणि "यंदा गौरी कधी?" हा प्रश्न घरोघरी दरवर्षी नव्याने विचारला जातो. उत्तर कॅलेंडरात असतं, तेही मिनिटांच्या हिशेबाने: आवाहन अमुक वाजेपर्यंत, विसर्जन अमुक वाजल्यानंतर. याचं कारण असं की गौरी नक्षत्रावर चालतात. चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना त्यांना घरात आणायचं, तो ज्येष्ठा नक्षत्रात असताना पूजा करून पुरणाचा नैवेद्य दाखवायचा आणि मूळ नक्षत्रात असताना निरोप द्यायचा. म्हणून तर त्या ज्येष्ठागौरी.

हे तीनही दिवस आकाशात पाहता येतात, ही गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. पूजनाच्या संध्याकाळी आरती आटोपली की गच्चीत जावं आणि दक्षिणेकडे तोंड करून उभं राहावं. भाद्रपदातले ढग अधूनमधून वाट देतातच. क्षितिजापासून साधारण अर्ध्या उंचीवर अर्धामुर्धा चंद्र असतो आणि त्याच्या आसपास एक ठळक, तांबूस तारा. ती ज्येष्ठा. आदल्या संध्याकाळी चंद्र तिच्या उजव्या अंगाला, उभ्या ओळीतल्या तीन ताऱ्यांजवळ होता, ते अनुराधा. दुसऱ्या संध्याकाळी तो डावीकडे सरकून विंचवाच्या वळलेल्या शेपटीच्या वरच्या बाजूला आलेला असतो, आणि त्या शेपटीचं नांगीकडचं टोक म्हणजे मूळ. वृश्चिकाचा विंचू आकाशात ओळखू येतो अशा मोजक्या आकृत्यांपैकी आहे. गौरींचा सण म्हणजे चंद्राने या विंचवाचं डोकं, काळीज आणि शेपूट तीन दिवसांत ओलांडणं. माहेरवाशिणींच्या सणाचं वेळापत्रक असं आभाळात मांडलेलं आहे, आणि आपण ते छापील कागदावर वाचून कागद पुन्हा भिंतीला टांगतो.

नक्षत्र म्हणजे मुळात एवढंच: आज चंद्र कुठल्या ताऱ्यांजवळ आहे. चंद्राला ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर एक पूर्ण फेरी मारायला २७.३२ दिवस लागतात. म्हणून त्याच्या वाटेचे २७ भाग केले आणि प्रत्येक भागाला जवळच्या ताऱ्याचं किंवा तारकापुंजाचं नाव दिलं. ३६० अंशांचे २७ भाग केले की एक भाग १३ अंश २० कलांचा होतो. हात लांब करून मूठ आकाशासमोर धरली तर ती साधारण १० अंश झाकते. म्हणजे चंद्र रोज एका मुठीहून थोडा जास्त पूर्वेकडे सरकतो. एका तासात तो जवळजवळ स्वतःच्या रुंदीइतका पुढे जातो. ठळक ताऱ्याजवळ आलेला चंद्र रात्री आठला आणि पुन्हा अकराला पाहिला तर हा सरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

चंद्राची चाल एकसारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ आला की वेगाने जातो, दूर गेला की रेंगाळतो. त्यामुळे एक नक्षत्र ओलांडायला त्याला कधी २१ तास पुरतात, तर कधी २७ लागतात. कॅलेंडरात नक्षत्रापुढे जी विचित्र वेळ छापलेली असते, 'ज्येष्ठा रात्री ११.३८ पर्यंत' अशी, ती या चालीतून येते. तिथी आणि नक्षत्र यांत लोक गोंधळतात, तेही इथेच स्पष्ट होतं. चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला हे तिथी सांगते; तो कुठल्या ताऱ्यांत आहे हे नक्षत्र सांगतं. पंचांगाच्या पाच अंगांत तिथीनंतरचं मानाचं स्थान नक्षत्राचं आहे, आणि वार सोडला तर उरलेल्या अंगांच्या गणितात कुठे ना कुठे चंद्र आहेच.

आपल्या महिन्यांची नावंही इथूनच आली. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ दिसतो त्या नक्षत्रावरून महिना: चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख, श्रवणावरून श्रावण, कृत्तिकेवरून कार्तिक, मृगशीर्षावरून मार्गशीर्ष. चंद्र २७.३२ दिवसांत त्याच ताऱ्यापाशी परत येतो, पण तेवढ्यात सूर्य पुढे गेलेला असतो. त्याला गाठून पुन्हा पौर्णिमा व्हायला आणखी दोन दिवस लागतात. म्हणून पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस. दर पौर्णिमेला चंद्र दोन-अडीच नक्षत्रं पुढे असतो, आणि २७ नावांतून १२ महिन्यांची नावं दोन-दोन, तीन-तीन घरं सोडून निवडलेली दिसतात. त्रिपुरी पौर्णिमेला दिव्यांची आरास पाहून झाल्यावर मान वर करा. पूर्ण चंद्राच्या आसपास कृत्तिकांचा झुबका असतो. चंद्राच्या उजेडात तो फिका पडतो, पण साध्या दुर्बिणीतून छान दिसतो.

कृत्तिकांपाशी थोडं थांबायला हवं. आज आपण नक्षत्रं अश्विनीपासून मोजतो. वेदकाळच्या याद्या मात्र कृत्तिकेपासून सुरू होतात. तैत्तिरीय संहितेतली यादी तशीच आहे. शतपथ ब्राह्मणात तर असं म्हटलं आहे की इतर नक्षत्रं पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. मुरुडला जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित या विधानापाशी अडले. त्यांनी विचार केला: कृत्तिका ठीक पूर्वेला उगवायच्या, तर त्या तेव्हा खगोलीय विषुववृत्तावर असल्या पाहिजेत. आज त्या तशा नाहीत. महाराष्ट्रातून पाहिलं तर त्या पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात आणि जवळजवळ डोक्यावरून जातात. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक संथ गिरकी घेतो आणि त्यामुळे ताऱ्यांची जागा सरकत जाते, हे माहीत होतं. त्यावरून मागे हिशेब करत दीक्षितांनी ती नोंद इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षांची ठरवली. हा काळ सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. नोंद प्रत्यक्ष पाहिलेल्याची की परंपरेने आलेल्या वाक्याची, हा वाद अजून चालू आहे. पण एका शिक्षकाने जुन्या ग्रंथातलं एक वाक्य उचलून त्याला गणिताने प्रश्न विचारावा, ही रीत मला फार मोलाची वाटते. १८९६ साली आलेला त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा मराठी ग्रंथ आजही या विषयाचा पाया आहे. त्याआधी १८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी 'ओरायन' या इंग्रजी ग्रंथात मृग नक्षत्राच्या आधाराने वेदांचा काळ शोधला होता. दोघेही एकाच काळात पुण्यात, आणि दोघांचेही डोळे नक्षत्रांवर.

कृत्तिकेचं हे जुनं पहिलेपण आपल्या घरात एका वेगळ्याच जागी टिकून आहे. बाळ जन्मलं की जोशीबुवा नावाचं अक्षर काढून देतात. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, असे १०८ चरण, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. रोहिणीला ओ, वा, वी, वू; अनुराधेला ना, नी, नू, ने. या कोष्टकाला 'अवकहडा चक्र' म्हणतात, आणि ते उलगडून पाहिलं तर अ म्हणजे कृत्तिका, व म्हणजे रोहिणी, क मृगाचं, ह पुनर्वसूचं, ड आश्लेषेचं. पुढच्या ओळी म-ट-प-र-त, न-य-भ-ज-ख आणि ग-स-द-च-ल. शेवटचा ल भरणीवर संपतो. म्हणजे यादी अश्विनीपासून मोजायची पद्धत कधीच रूढ झाली, तरी बारशाच्या कागदावरचं चक्र अजून कृत्तिकेपासूनच फिरतं. या चक्रात ङ, ञ, ण अशी अक्षरंही येतात. ज्या बाळाच्या वाट्याला हस्ताचा तिसरा चरण येतो त्याला 'ण'वरून नाव ठेवणार कसं? तिथे जोशीबुवा जवळचं दुसरं अक्षर सुचवतात आणि कुणाची हरकत नसते.

नक्षत्रांचे भाग सारखे केले, पण आकाशातले तारे काही सारख्या अंतरावर नाहीत. रोहिणी, मघा, चित्रा, ज्येष्ठा या चौघी चंद्राच्या वाटेच्या इतक्या जवळ आहेत की कधीकधी चंद्र त्यांना चक्क झाकतो. रोहिणीला झाकण्याची मालिका सुमारे साडेअठरा वर्षांनी परत येते. मागची २०१५ ते २०१८ या काळात झाली. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिल्या आणि तो रोहिणीपाशीच रमला, म्हणून दक्षाने त्याला क्षयाचा शाप दिला, ही कथा ज्याने रचली त्याने हे झाकणं पाहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. उलट स्वाती आणि श्रवण हे तारे चंद्राच्या वाटेपासून तीस अंशांच्या आसपास दूर आहेत. अभिजित तर साठ अंशांहून दूर. कदाचित म्हणूनच अठ्ठाविसावं मानलेलं हे नक्षत्र पुढे रोजच्या मोजणीतून गळलं. शततारकेच्या जागी शहरातून काहीच दिसत नाही.

मग भागांची सुरुवात नेमकी कुठून धरायची? महाराष्ट्रात हा प्रश्न नुसता पंडिती राहिला नाही, घराघरांत शिरला. १९५२ मध्ये केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने चित्रा ताऱ्याच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभ मानला, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झालं. सोलापूरचं दाते पंचांग आणि बहुतेक कॅलेंडरं याच मताची आहेत. टिळक पंचांग मात्र रेवतीच्या एका अंधुक ताऱ्यापासून मोजतं. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. तिथीवर याचा परिणाम होत नाही, कारण तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर. दोघांची सुरुवात एकदमच सरकली तर अंतर तेवढंच राहतं. नक्षत्र मात्र टिळक पंचांगात सहा-सात तास आधी बदलतं. सूर्याचं राशीत जाणंही चारेक दिवस आधी होतं, त्यामुळे काही वर्षी अधिक महिनाच वेगळा येतो. मग कोकणातल्या काही घरांत गणपती सगळ्यांच्या आधी महिनाभर येऊन जातात.

इथपर्यंत सगळं मोजता येण्यासारखं आहे. जन्मनक्षत्र आलं की गोष्ट बदलते. जन्माच्या क्षणी चंद्र ज्या नक्षत्रात, ते आपलं नक्षत्र. त्यावरून रास, महादशेची सुरुवात, गण, नाडी, योनी. लग्न जुळवताना जे छत्तीस गुण काढतात तेही सगळे चंद्रावरूनच येतात. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, राशिकूटाचे ७ आणि नाडीचे ८. मुलाचं नक्षत्र-चरण एका बाजूला, मुलीचं दुसऱ्या, पंचांगाच्या मागच्या पानावरच्या कोष्टकात जिथे रेघा मिळतील तो आकडा. अठराच्या वर असला की पुढचं बोलणं. भारतात रोज साठ हजारांहून जास्त बाळं जन्मतात, आणि एका दिवसाच्या सगळ्या बाळांचं नक्षत्र बहुधा एक किंवा दोन. या कोष्टकाला माणसाचा स्वभाव, शिक्षण, तब्येत, घर यांतलं काहीही विचारता येत नाही, कारण ते त्याच्यात घातलेलंच नाही.

नाडीचा गोंधळ तर मुद्दाम सांगावा असा आहे. सत्तावीस नक्षत्रं आद्य, मध्य आणि अंत्य अशा तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. कुठलीही दोन माणसं घेतली तर साधारण तीनांतून एकदा त्यांची नाडी एक निघणारच. त्या एक-तृतीयांश जोड्यांचे आठ गुण एकदम जातात. वर अलीकडे 'एकनाड म्हणजे एकच रक्तगट, मुलं होताना त्रास होतो' असं सुशिक्षित घरांतही ऐकू येतं. रक्तगट आईवडिलांकडून येतो. चंद्र त्या दिवशी कुठे होता याच्याशी त्याचा काही संबंध नाही. नवराबायकोचा रक्तगट एक असणं ही अडचणही नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ आरएच पॉझिटिव्ह असेल तेव्हा, आणि त्यावर इंजेक्शन उपलब्ध आहे. ज्यांना मुलं हवी आहेत त्यांनी लॅबमध्ये रक्त तपासून घ्यावं.

आणि मूळ. मुळावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्या दिराला, असं अजून सांगितलं जातं. चरणांचे बारकावे बाजूला ठेवले तर ही २७ पैकी ४ नक्षत्रं झाली, म्हणजे जवळजवळ सातांतली एक मुलगी. स्थळ चांगलं, मुलगी शिकलेली, दोन्हीकडून पसंती, आणि पत्रिका पाहिल्यावर निरोप येतो की "योग नाही". तिला कारणही सांगत नाहीत. ज्या घरात हे घडतं तिथल्या आईच्या मनाला कोणत्या शांतीने शांती मिळते ते मला माहीत नाही. याहून चीड आणणारी गोष्ट अशी की ही भीती खुद्द परंपरेतही सरळ बसत नाही. मुहूर्ताचा सगळ्यात प्रसिद्ध ग्रंथ 'मुहूर्तचिंतामणी' विवाहाला योग्य म्हणून जी अकरा नक्षत्रं देतो त्यांत मूळ आहे. मूळ नक्षत्रावर लग्न लावायला चालतं. नवरात्रात सरस्वतीचं आवाहन करायचं तेही मूळ नक्षत्रावरच. पूर्वाषाढेवर पूजन, श्रवणावर विसर्जन. विद्येची देवता ज्या नक्षत्रावर घरात येते त्याच नक्षत्रावर जन्मलेली मुलगी घराला जड कशी? उलट पुष्याचं पाहा: गुरुवारी पुष्य आलं की गुरुपुष्यामृत म्हणून सराफाच्या दुकानात रांगा लागतात, पण तेच पुष्य विवाहाला घेत नाहीत.

पत्रिका एकूण किती सांगू शकते याची एक चाचणी पुण्यात झाली आहे. जयंत नारळीकर यांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह ती घेतली. हुशार विद्यार्थ्यांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका तयार केल्या. ज्योतिष्यांना त्यांतल्या चाळीस-चाळीस पाठवल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं. नाणं उडवलं असतं तर ५० टक्क्यांच्या आसपास आलं असतं. हा निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला. चंद्राची जागा अचूक मोजण्याचं गणित उत्तम आहे. त्या जागेवरून कुणाच्या मुलीचं भविष्य काढण्याला मात्र अजून आधार सापडलेला नाही.

शेतात नक्षत्र वेगळं. तिथे चंद्राऐवजी सूर्याचं नक्षत्र चालतं, कारण सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास असतो आणि वर्षाच्या त्याच तारखांना तिथे येतो. २५ मेच्या सुमारास रोहिणी लागते, ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा. पुढे पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आश्लेषेचा आसळकाचा, मघांचा सासवांचा, पूर्वांचा सुनांचा. उत्तरेचा पाऊस रब्बीसाठी महत्त्वाचा. २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, म्हणजे गडगडाट करत कोसळणारा हत्तीचा पाऊस. त्याच दिवसापासून मुली पाटावर हत्ती काढून हादग्याचा फेर धरायच्या. ऑक्टोबरच्या शेवटी स्वाती, आणि पावसाळा संपला. ज्यांच्या हाती तारखांचं कॅलेंडर नव्हतं त्यांना या अकरा-बारा नावांत पावसाळ्याचा अख्खा हिशेब मिळत होता: कधी राब भाजून झाला पाहिजे, लावणी कधी उरकायची, आणि कुठल्या पावसानंतर भाताची लोंबी भरते. केरळातही हीच व्यवस्था ञाट्टुवेला या नावाने चालते, आणि तिरुवातिरा म्हणजे आपल्या आर्द्रेचा पंधरवडा तिथे झाडं लावायला उत्तम मानतात.

पंचांगात या प्रत्येक नक्षत्राला वाहन दिलेलं असतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात ते वर्तमानपत्रांतही झळकतं. ते काढायची रीत सोपी आहे. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो तेव्हा चंद्र कुठल्या नक्षत्रात आहे ते पाहायचं. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं आणि बाकी पाहायची: एक उरला तर घोडा, मग कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, आणि बाकी शून्य असेल तर हत्ती. सूर्य मृगात शिरताना चंद्र श्रवणात असेल तर मृगापासून श्रवणापर्यंत अठरा नक्षत्रं होतात, बाकी शून्य, वाहन हत्ती, पाऊस भरपूर. बेडूक आणि म्हैसही पाण्याच्या. कोल्हा, मेंढा कोरडे. या हिशेबात वारा नाही, ढग नाहीत, समुद्राचं तापमान नाही. अख्ख्या महाराष्ट्राला एकच वाहन मिळतं. त्याच आठवड्यात महाबळेश्वरला किती पडतो आणि माणदेशात किती, याची त्या बाकीला दखलच नसते. पेरणीचा निर्णय त्यावर घेणं परवडणारं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. मृग लागला आणि दोन सरी आल्या म्हणून बी टाकलं की दुबार पेरणी कपाळी येते, आणि सोयाबीनच्या बियाण्याची एक बॅगही आज स्वस्त राहिलेली नाही.

नक्षत्रं आणि पाऊस यांची सांगड कायमचीही नाही. पाऊस ऋतूवर चालतो, ऋतू सूर्याच्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर, आणि नक्षत्रं मात्र ताऱ्यांना बांधलेली. पृथ्वीच्या आसाच्या त्याच संथ गिरकीमुळे सूर्याचा मृगप्रवेश दर ७२ वर्षांनी एक दिवस उशिरा होत जातो. आजच्या तारखांत सांगायचं तर शिवकाळात मृग ३ जूनच्या आसपास लागत होता. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, वराहमिहिराच्या काळी, १८ मेच्या आसपास; तेव्हा आठ जून उजाडला की आर्द्राही अर्धी सरलेली असायची. आज मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ११ जून आहे आणि मृग तिच्या तीन-चार दिवस आधी लागतो, म्हणून जोडी जमलेली दिसते. आणखी दोन हजार वर्षांनी मृग जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागेल. पावसाच्या तारखा तेव्हाही आजच्यासारख्या राहिल्या तर पहिली सर कृत्तिकेच्या तोंडावर येईल, तरणा पाऊस मृगाचा होईल, आणि त्या वेळच्या शेतकऱ्याला सासवा-सुनांची नावं पुन्हा नव्याने वाटावी लागतील.